बसल्याचे पैसे

माझ्या दिवसाची किंमत मला पहिल्यांदा एका बाईने सांगितली. तीस रुपये. तोवर मी बी.ए. झालो होतो, मराठी विषय घेऊन, बऱ्या मार्कांनी, पण आपला दिवस काही किमतीचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी सकाळी उठायचो, अब्बांच्या दुकानात जाऊन बसायचो आणि संध्याकाळी घरी यायचो. मधल्या वेळाला काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं. नोकरीचे अर्ज टाकले होते, त्यांची उत्तरं येत नव्हती, आणि पुढे पुढे तर पोस्टमन आला तरी मी मान वर करून बघत नसे.

अब्बांचं दुकान म्हणजे राळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक टपरी. फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडलेला, अळी औषधाला दाद देत नव्हती, म्हणून लोक औषध जास्त मारायचे आणि पंप जास्त बिघडायचे. आमचं त्यात बरं चाललं असं म्हणायला जीभ वळत नाही, पण दोन वेळची चूल पेटत होती ती त्यावरच. अब्बांची एक सवय होती. बहुतेक पंपांचा वायसर गेलेला असे आणि तो बदलायला त्यांना एक मिनिट लागायचं. पण ते पंप ठेवून घ्यायचे आणि संध्याकाळी या म्हणायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, एका मिनिटाचे दहा रुपये कोण देईल? दिवसभर पंप दुकानात राहिला की गिऱ्हाइकाला वाटतं, काम झालं. मला ते लबाडीचं वाटलं होतं. बी.ए. झालेल्या माणसाला बापाच्या बऱ्याच गोष्टी लबाडीच्या वाटतात.

ती बाई आमच्या दुकानावर पंप घेऊन यायची. आमच्याच गावची, विहाराच्या बाजूला राहणारी. नवरा वारल्यावर दिराच्या अंगणात टिनाची एक खोली काढून राहत होती. मूलबाळ नव्हतं. वाट्याला आलेल्या दोन एकरांत कापूस लावायची आणि स्वतःचा वेचून झाला की दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जायची. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात आणि तिचे हात फार चालायचे. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला बाबू.

त्या हिवाळ्यात एका सोमवारी ती सकाळीच दुकानावर आली. या वेळी हातात पंप नव्हता. अब्बांना म्हणाली, मिस्त्री, तुमचं पोरगं आठ दिवस देता का. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी देण्यासारखी वस्तू आहे हे त्यांनाही नवीनच होतं.

गोष्ट अशी होती. तिने आपला कापूस बंडीत, म्हणजे बैलगाडीत, भरून सरकारी खरेदी केंद्रावर नेऊन लावला होता. केंद्रावर रांग लागलेली. तिच्या बंडीच्या पुढे एकाहत्तर नंबर होते आणि काटा दिवसाला पंधराएक बंड्या मोजायचा. म्हणजे पाच-सहा दिवस रांगेत काढायचे होते. रात्री तिचा दीर कापसावर झोपायला जाणार होता, पण दिवसा कुणीतरी बंडीजवळ हवं होतं. रांग पुढे सरकली की आपली बंडी पुढे ढकलायची, एवढंच काम. माणूस हजर नसला तर मागचे लोक बंडी बाजूला काढून पुढे निघून जात आणि त्यात कुणी कुणाला दोष देत नसे.

मी विचारलं, तुम्ही स्वतः का बसत नाही? तिने मला हिशेब सांगितला. बोटांवर मोजत, शांतपणे.

"बैलजोडी दिवसाची शंभराची हाय, भाड्याची. थे उभी ठेवून परवडत नाई, म्हनून वापस देल्ली. मी बसलो त वेचनीचे पंचेचाळीस बुडतात. तुह्यं काय बुडते?"

मी विचार करू लागलो. खरोखर विचार केला. काहीच बुडत नव्हतं.

"मंग तीस घे," ती म्हणाली.

अपमान झाला असं मला वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, हेही तेव्हा सुचलं नाही. बैलांचा दिवस महाग म्हणून बैल घरी गेले, बाईचा दिवस महाग म्हणून बाई वेचायला गेली, आणि ज्याचा दिवस सगळ्यात स्वस्त तो बंडीशी जाऊन बसला. यात चूक कुठेच नव्हती. मी अब्बांची सायकल घेतली आणि निघालो.

तिला घाई होती आणि कशाची होती ते तिने मला जाण्याआधीच सांगितलं. रस्त्याच्या कडेला, विहारापासून थोडं पुढे, एकाने शेताचे तुकडे पाडून घरासाठी जागा विकायला काढल्या होत्या. त्यातली एक तिने धरली होती. वेचणीच्या पैशांतून साठवलेले दोन हजार इसार म्हणून दिले होते. उरलेल्या पैशांची मुदत त्या शनिवारपर्यंत होती. कापसाच्या पैशांचा चुकारा हातात यायला वेळ लागतो हे जागावाल्यालाही कळत होतं, म्हणून तो म्हणाला होता, शनिवारी संध्याकाळपर्यंत मला काट्याची पावती दाखव, मग मी चुकाऱ्यापर्यंत थांबतो. नाही दाखवलीस तर जागा दुसऱ्याची, इसारही गेला. दिराच्या अंगणातून निघून आपल्या दारात जायचं, एवढंच तिला हवं होतं. जागेच्या चार कोपऱ्यांवर तिने चार दगड ठेवले होते आणि पावलांनी मोजून ठेवलं होतं. रस्त्याकडून अकरा पावलं, आत सोळा. मला सांगताना तिने ते आमच्या टपरीसमोर चालून दाखवलं.

रांगेत काय असतं? काही नसतं. बंड्यांची जुवं जमिनीला टेकलेली, वर कापूस, त्यावर पाल ओढलेलं. बंड्यांच्या सावलीत माणसं बसलेली, कुणी तंबाखू मळतो आहे, कुणी भाकरी सोडतो आहे. पहिल्या दिवशी मी सोबत एक पुस्तक नेलं होतं, पण पानं उलटली नाहीत. अर्ध्या तासाने पुढून हाळी यायची, सगळे उठायचे, आपापली बंडी आणि शेजाऱ्याची बंडी रेटायचे, चाक पाच-सहा हात पुढे जायचं, आणि पुन्हा सगळे बसायचे. त्या वर्षांत बाहेरगावची पेपरवाली माणसं गाड्या करून आमच्या जिल्ह्यात यायची. रांगेतही दोघे आले होते. त्यांनी फोटो काढले. मला म्हणाले, जरा कापसाकडे बघा. मी बघितलं. कापूस माझा नाही हे मी त्यांना सांगितलं नाही, उगाच त्यांचा वेळ गेला असता.

मला चाळा लागला तो पैसे भागायचा. दहा तासांचे तीस रुपये, म्हणजे तासाला तीन. मिनिटाला पाच पैसे. हे एकदा डोक्यात शिरलं आणि मग जाईना. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला चहा दीड रुपयाला होता. पाच मिनिटांत पिऊन व्हायचा आणि अर्धा तास घेऊन जायचा. दाढी करायला तीन रुपये, म्हणजे एक तास. कॉलेजच्या तीन वर्षांचे दिवस मी एका दुपारी तीसने गुणून पाहिले. जो आकडा आला तो बघून चांगलंही वाटलं नाही आणि वाईटही नाही. आता मी कुणाशी बोलत बसलो तरी मनात पैसे पडत राहायचे.

ती रोज सूर्य बुडायच्या वेळेला यायची. वेचून थेट, ओटीत कापसाचे तंतू चिकटलेले. आधी विचारायची, किती सरकली? मी आकडा सांगायचो. मग पदराचं टोक सोडून तीस रुपये द्यायची. सोमवारी छप्पन्न उरले होते, मंगळवारी एक्केचाळीस. ती बोटांवर शनिवारपर्यंत मोजायची आणि म्हणायची, शनिवारात बसते, बसते. मग दीर यायचा आणि मी सायकल काढायचो.

बुधवारी दुपारी हमालांनी काम थांबवलं. त्यांच्या मजुरीचा काही वाद होता. रांगेत आरडाओरडा झाला, शिव्या झाल्या, एक म्हातारा तर बंडीच्या चाकाला डोकं टेकून बसला. आणि मला आनंद झाला. लपवण्यासारखं आता काही राहिलं नाही, म्हणून लिहितो. काटा बंद म्हणजे रांग लांबली, रांग लांबली म्हणजे माझे दिवस वाढले. मला रोजाने ठरवलं होतं, बंडीने नाही. संध्याकाळी ती आली तेव्हा फक्त सातच बंड्या झाल्या होत्या. ती काही वेळ रांगेच्या तोंडाकडे बघत उभी राहिली आणि मी माझ्या तीस रुपयांची वाट बघत उभा राहिलो.

गुरुवारी काटा पुन्हा सुरू झाला. संध्याकाळी एकोणीस उरले. शुक्रवारी सकाळी रांग नीट सरकत होती आणि तिचं शनिवारी होणार हे उघड दिसत होतं. शनिवारी काटा दहा ते दोन चालायचा, पण तिला तेवढा पुरत होता.

आमच्या लगेच मागे एक ट्रॅक्टर होता. ट्रॉली भरून कापूस. ट्रॉल्या रांगेत कमी होत्या आणि आल्या की सगळे चिडत, कारण रांगेत ट्रॉलीचा नंबर एकच असतो, पण काट्यावर ती रिकामी व्हायला बंडीच्या पाचपट वेळ लागतो. त्या ट्रॅक्टरवाल्याने शुक्रवारी दुपारी माझ्या शेजारी बसून बिडी पेटवली. म्हणाला, ट्रॉली भाड्याची आहे, शनिवारी खाली झाली नाही तर रविवारचंही भाडं अंगावर पडतं. मला एक नंबर पुढे घे. तुझा एकच नंबर मागे जाईल, तुझाही होतो शनिवारीच. आणि त्याने पन्नासची नोट माझ्या पुस्तकात ठेवली. त्या आठवड्यात पुस्तकाचा झालेला तो एकमेव उपयोग.

रांगेत नंबर बदलायची पद्धत होती. दोन्ही मालक राजी असले तर कुणी हरकत घेत नसे. त्याने मला मालक धरलं आणि मी ते धरू दिलं. आम्ही दोघांनी मिळून बंडी बाजूला घेतली, ट्रॅक्टर पुढे गेला, बंडी त्याच्या मागे लावली.

आता इथे मला थांबावं लागतं. अर्ध्या तासाला एक बंडी, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. ट्रॉली म्हणजे पाच बंड्या, हे रांगेतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. पाच दिवस मी मिनिटामिनिटाचे पैसे करत होतो, चहाचे तास मोजत होतो. मग पुढच्या चार बंड्या दहाला सुरू होऊन बाराला संपतील, ट्रॉली बाराला लागेल आणि अडीच वाजवेल, एवढी साधी बेरीज मी का केली नाही? केली नाही की केली आणि बाजूला ठेवली, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मी फार वेळा स्वतःला विचारून पाहिलं आहे. मी माझीच मिनिटं मोजत होतो, तिची नाही, एवढंच खात्रीने सांगता येतं.

संध्याकाळी तिने विचारलं, किती? मी म्हणालो, पाच. ती म्हणाली, मले वाटलं चार असतीन. पण पाच तर पाच. तिने तीस रुपये दिले आणि सांगितलं की उद्या ती वेचायला जाणार नाही, काटा होताना तिला स्वतः बघायचा आहे. पंचेचाळीस बुडतील, बुडू दे, म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदा ती हसली.

शनिवारी दहाच्या आधीच ती आली. धुतलेलं लुगडं, तेल लावलेले केस. तिने सगळ्यांना सुपारी दिली. पहिली बंडी काट्यावर गेली, दुसरी गेली. तिसऱ्या बंडीच्या वेळेला ती बोलायची थांबली. ती ट्रॅक्टरकडे बघत होती. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"हा त मांगं होता ना? समोर कवा आला?"

"काल."

"कोनं येऊ देल्ला?"

"मी."

ट्रॉलीकडे बघून तिचे ओठ हलत होते. ती तीच बेरीज करत होती, जी मी केली नव्हती. तिला फार वेळ लागला नाही.

"किती देल्ले त्यानं?"

"पन्नास."

ती उठून ट्रॅक्टरवाल्याकडे गेली. तो म्हणाला, तुमच्या माणसानेच जागा दिली, आता मध्येच कसा निघू. मागच्या लोकांनीही मान हलवली, रीत तीच होती. मग ती काट्यावर गेली आणि परत आली. बाराला ट्रॉली लागली. कापूस उपसला जात होता, गंजीवर पडत होता, आणि आम्ही दोघं बंडीच्या जुवावर शेजारी शेजारी बसून ते बघत होतो. मला काहीच वाटत नव्हतं. लाज वाटावी अशी मी वाट बघत होतो, जशी पोस्टमनची कधीकाळी बघायचो. दोन वाजून वीस मिनिटांनी ट्रॉली खाली झाली. तिने काटेवाल्याला हात जोडून म्हटलं, एकच बंडी हाय. त्याने मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि शेडला कुलूप घातलं. तोही वाईट माणूस नव्हता. त्याचे तास भरले होते.

ती माझ्याजवळ आली आणि तिने पदराचं टोक सोडलं. तीस रुपये पुढे केले. मी हात मागे घेतला.

"घे," ती म्हणाली. "तू बसला ना दिवसभर. बसल्याचे पैसे हायेत."

मी ते घेतले.

सोमवारी तिची बंडी मोजली गेली, पहिल्या नंबरला. तोवर जागा रविवारी दुसऱ्याच्या नावाने ठरली होती आणि दोन हजार गेले होते. तिने गावात कुणाला माझं नाव सांगितलं नाही. अब्बांनी घरी विचारलं, मावशीचा काटा झाला का? मी सगळं सांगितलं, पन्नासच्या नोटेसकट. पुढच्या हंगामात ती पंप घेऊन आली तेव्हा अब्बांनी तो तिच्यासमोरच उघडला, एका मिनिटात वायसर बदलला आणि हातात दिला. पैसे घेतले नाहीत. मग मला म्हणाले, दुकानात बसत जाऊ नकोस, माझं कामात लक्ष लागत नाही.

ती पन्नासची नोट मी खर्च केली नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता, पुस्तकात ती राहून गेली.

पुढे मी एम.ए. केलं. आता तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, तासिका तत्त्वावर. जेवढे तास घेतले तेवढ्यांचे पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, मुलं आलीच नाहीत तर त्याही तासाचे नाहीत. महिन्याच्या शेवटी मी एका फॉर्मवर माझे तास लिहून सही करतो. हे असं गेली अनेक वर्षं. कॉलेजला जाताना बस त्या जागेवरून जाते. तिथे एका मास्तरांचं दोन मजली घर आहे, समोर जाळीचं फाटक. अकरा पावलं त्या फाटकातच संपत असावीत.

मागच्या वर्षी पुस्तकं आवरताना नोट सापडली आणि एका सकाळी मी कॉलेजला न जाता तिच्याकडे गेलो. दिराच्या अंगणातली तीच खोली. दीर वारला, आता पुतण्याचं राज्य. ती खाटेवर बसून मेथी निवडत होती. हात आता हळू चालत होते. मी बाजूला बसलो आणि नोट तिच्यापुढे ठेवली. कसली, हे सांगावं लागलं नाही. तिने ती उचलली, उलटसुलट पाहिली आणि पदराच्या टोकाला बांधली. नाही म्हणाली नाही, राहू दे म्हणाली नाही. मला बरं वाटलं असावं.

मग मेथीची पुढची काडी उचलून तिने विचारलं, "आज कालेज नाई?"

मी म्हणालो, आहे. अकराचा तास होता, सोडून आलो.

"त्याचे पैसे कापतीन?"

"कापत नाहीत. तास घेतला नाही तर मिळतच नाहीत."

"किती असते एका तासाचे?"

मी आकडा सांगितला. पन्नासच्या कितीतरी पट होता तो. तिने मान हलवली आणि तिचे ओठ हलले, तसेच, जसे त्या शनिवारी हलले होते.

"म्हंजे पन्नास देयाले येवढे बुडवले तू," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच माझं नुकसान बघत होती. "दुसरा तास हाय का?"

"बाराला आहे."

"मंग जा ना. बसून कायले राह्यला? थो तरी भेटन."

मी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा झाले होते. साडेअकराची बस मिळाली तर बाराचा तास होत होता. मी उठलो, चपला घातल्या आणि स्टॉपकडे निघालो.